चढाईचा जावई

बोरखेड्यात पोरीसाठी स्थळ आलं की पहिला प्रश्न निघायचा, "पोरगा कबड्डी खेळतो का?" जमीन किती, विहिरीला पाणी किती, घरात भाऊ किती, हे सगळं मागाहून. परमुलखातली माणसं ऐकून हसायची. पंचक्रोशीत मात्र कुणी हसत नसे. तिथं सगळ्यांना त्याचं कारण ठाऊक होतं.

चैत्रात महादेवाच्या जत्रेला कबड्डीचे सामने भरायचे. जिंकणाऱ्या गावाला पितळी ढाल मिळायची आणि ती वर्षभर त्या गावच्या चावडीत टांगलेली राहायची. पूर्वी गावं बिदागी देऊन सोलापूरचे पैलवान आणायची. एका साली त्यावरून डोकी फुटली, तेव्हा पाच गावच्या वडीलधाऱ्यांनी बसून नियम केला. मैदानात उतरणारा गडी गावचा असावा. बाहेरचा असला तर तो गावचा भाचा तरी असावा, नाही तर जावई. आता भाचा जन्माला येऊन अंगापिंडानं भरायला वीस वर्षं जातात. जावई एका लग्नसराईत मिळतो. पिंपरखेडकरांनी ही गोष्ट सगळ्यांच्या आधी ओळखली. त्यांच्या सात गड्यांत तीन जावई होते आणि ढाल त्यांच्या चावडीतून हलत नव्हती.

पिराजीच्या डोळ्यांत ती ढाल खुपायची. पिराजी कोरडवाहू शेतकरी. दारात दोन म्हशी, घरात बायको जाईबाई आणि एकुलती एक लेक चांगुणा. तरुणपणी तो चढाईला जायचा. डाव्या हाताची करंगळी वाकडी झाली ती तेव्हाच. बहात्तरच्या दुष्काळात गावची पोरं तलावाच्या कामावर खडी फोडायची आणि दिवस कलला की त्याच तलावाच्या कोरड्या पोटात कबड्डी खेळायची. पिराजी रोज तिथं जाऊन बसायचा. त्या भुकेच्या दिवसांत गावात हसण्याचा आवाज यायचा तो तेवढ्या एकाच जागेवरून. दुष्काळ सरला, पण पिराजीचं तिथं जाऊन बसणं सरलं नाही. गावच्या संघात त्याला कसलं पद नव्हतं. तरी त्याच्याशी बोलल्याशिवाय गडी कुणी निवडत नसे.

पुढं चार-पाच वर्षांनी, हिवाळ्यात, त्या तलावाचा बांध दुरुस्त करायला कळंबच्या कॉलेजची पोरं श्रमदानाच्या शिबिराला आली. दिवसा माती ओढायची आणि संध्याकाळी गावच्या संघाशी खेळायची. अख्खं गाव बघायला लोटायचं. बायका देवळाच्या पायऱ्यांवर बसायच्या. त्या पोरांत दोन गडी गावाच्या नजरेत भरले. एक रांजणवाडीचा बलभीम, चढाईचा. दुसरा सोपान, कोपऱ्यावर उभा राहून पकड करणारा. दोघंही बिनलग्नाचे, दोघंही पिराजीच्या सोयरिकीत बसणारे.

मग काय, दूध सोसायटीच्या ओट्यावर सकाळी दुसरा विषयच उरला नाही. नागप्पा तिथं दूध मापून घ्यायचा. लिंबाजी सोसायटीच्या गोदामाचा राखणदार. एके काळी त्याच्या हाती सापडलेला गडी सुटत नसे. पिराजी चरवी घेऊन आला तेव्हा दोघांची जुंपलेलीच होती.

"ठरलं," नागप्पा माप बुडवत म्हणाला. "बलभीम. दुसरं नाव काढायचं न्हाय."

"तुझ्या घरात पोर हाय का द्यायला? ठरवायलाय मोठा," लिंबाजी म्हणाला.

"आमच्यात सोयरीक बसत न्हाय त्याची. बसली असती तर म्या कालच नारळ दिला असता."

"नारळ दे. पर खेळ बगून दे. पयल्या दोन चढायांत टाळ्या घेतल्या त्यानं. तिसरीला चौघांनी दाबला का न्हाय? ह्या सोपानकडं बग. गप उभा असतोय. धरला की सोडतच न्हाय. सामना कोपरा जिंकतोय नागप्पा."

"तू कोपऱ्याला खेळलास, म्हणून तुला कोपराच दिसतो."

"अन् तुला कायच खेळता आलं न्हाय, म्हणून तुला उड्या दिसत्यात."

ओट्यावरची माणसं हसली. नागप्पाच्या हातातलं माप कलंडलं आणि कुणाचं तरी दूध सांडलं, त्यावर आणखी हसणं झालं.

पिराजी हसला नाही. तो मनात गडी मांडत होता. "कोपरा हाय आपल्याकडं," तो म्हणाला. "लिंबाजीचा पुतण्या हाय, कोंडिबाचा थोरला हाय. पिंपरखेडवर लोण चढवील असा गडी कुठं हाय?"

"सोपान अजून कवळा हाय," लिंबाजी म्हणाला. "दोन सालात असा पिकल की बगत ऱ्हाशीला."

"दोन साल थांबायचं?" नागप्पानं आवाज खाली आणला. "काल शिबिरावर पिंपरखेडचा माणूस आला व्हता. पोरांना गूळ-शेंगा वाटायला म्हणून. गूळ सगळ्यांना दिला, पर बसला कुणापाशी? बलभीमपाशी. त्यांच्या पाटलाची पुतणी लग्नाची हाय."

ओट्यावरची माणसं नागप्पाच्या जवळ सरकली. बलभीम आपल्याकडं नसणं वेगळं, आणि तो पिंपरखेडकडून आपल्यावर चालून येणं वेगळं. लिंबाजीनं सुद्धा मान खाली घातली. "आसं असंल तर मग इलाज न्हाय," तो म्हणाला.

एवढ्या वेळात चांगुणाचं नाव कुणाच्याच तोंडून निघालं नव्हतं.

संध्याकाळी पिराजी जेवायला बसला. जाईबाई चुलीपुढं होती. चांगुणानं ताटात भाकरी टाकली, शेंगांची चटणी वाढली आणि तिथंच उभी राहिली. ही पोर बापापुढं कामापुरतं बोलायची. त्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "दादा, मला तो सोपान बरा वाटतो."

पिराजीनं मान वर केली. त्याचा चेहरा खुलला. आपल्या पोरीला गडी ओळखू येतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"सोपान वंगाळ न्हाय," तो म्हणाला. "लिंबाजी बी तेच म्हणतो. पर आपल्याला कमी कशाची हाय, ते बगावं लागतंय." त्यानं ताटातली चटणी बोटानं पसरली आणि तिच्यात आडवी रेघ ओढली. "ही मधली रेघ. हिकडं आपण, तिकडं पिंपरखेड. हे आपलं दोन कोपरं, हितं आन् हितं. दोन्ही भरलेलं हायत. आता सांग, सोपानला घेतला तर उभा कुठं करायचा? आन् तिकडं जाऊन गडी मारून कोण येणार?"

चांगुणा चटणीतल्या रेघेकडं बघत होती.

"कळलं का?"

"कळलं," ती म्हणाली.

जाईबाईनं वळून एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा लेकीकडं बघितलं आणि चुलीत काटकी सारली. पिराजी त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवला.

फाल्गुनात लग्न लागलं. रांजणवाडीकरांनी मानपान ताणला नाही. बलभीम पोरगा सरळ होता, हसऱ्या तोंडाचा. पंगतीत नागप्पा त्याच्या मागंच उभा. "जावईबापू, बुंदी बेतानं. चैत्रात पळायचंय." सगळा मांडव हसला. नवरदेवही हसला आणि त्यानं ताट पुढं सरकवलं. चांगुणानं मात्र मान वर केली नाही. नव्या नवरीनं मान खालीच घालायची असते, त्यामुळं त्यात कुणाला काही वेगळं दिसलं नाही.

लग्नात आणखी एक बातमी कळली. नवा साखर कारखाना आपला कबड्डीचा संघ उभा करत होता. संघात येईल त्याला कारखान्यात कायमची नोकरी. जत्रेनंतरच्या आठवड्यात गड्यांची निवड होती आणि बलभीमचं नाव त्यांच्या माणसांनी आधीच विचारून ठेवलं होतं. ते सांगताना त्याच्या बापाचा ऊर भरून आला होता. त्यांच्या घरात पगार घेणारं आजवर कुणी झालं नव्हतं.

जत्रा आली. बोरखेडा सगळे सामने जिंकत गेला. बलभीम दम धरून "कबड्डी, कबड्डी" म्हणत आत शिरायचा आणि गडी मारून असा परत यायचा, जणू शेजारच्या घरातून विस्तव घेऊन आलाय. शेवटचा सामना पिंपरखेडशी पडला. पण त्याच्या आधीच्याच सामन्यात कुणीतरी बलभीमच्या पायावर पडलं होतं. मध्यंतराला बलभीम कडेला येऊन बसला. उजवा गुडघा सुजून टणक झाला होता.

"मामा," तो सासऱ्याला म्हणाला, "कळ मारायलीय. ह्या पुढं म्या मैदानात नुसता कडंला उभा ऱ्हातो, चढाईला जात न्हाय. आठ दिसांनी कारखान्याची निवड हाय."

"ऱ्हावा, ऱ्हावा," पिराजी म्हणाला. आणि त्या वेळी तो मनापासून म्हणाला.

पण सामना संपत आला तेव्हा बोरखेडा एका गुणानं मागं होता. शेवटची चढाई बोरखेड्याची होती. गर्दीतून एकच नाव उठलं. बलभीम, बलभीम. कोंडिबाचा थोरला चढाईला निघाला होता, तो जागीच थांबला आणि पिराजीकडं बघू लागला. नागप्पा बघत होता. लिंबाजी बघत होता. पलीकडं बायकांच्या बाजूला चांगुणा उठून उभी राहिली होती. अंगावरचं लग्नातलं हिरवं लुगडं अजून नवं होतं. चारचौघांत सासरचं-माहेरचं भान न ठेवता तिनं बापाकडं बघून मान हलवली. नको. पुन्हा एकदा हलवली.

पिराजीनं ते बघितलं. तो मैदानात गेला, डोक्याचा पटका सोडला आणि गुडघ्यावर बसून जावयाच्या सुजलेल्या पायाला घट्ट गुंडाळून गाठ मारली. पाच गावांच्या देखत सासऱ्यानं डोक्याचा पटका पायाला बांधलेला. त्यावर कुठला जावई नाही म्हणेल?

"येवढी येकच," पिराजी म्हणाला.

बलभीम गेला. एक पाय ओढत गेला, म्हणून पिंपरखेडचे गडी बिनघोर पुढं आले आणि तिथंच फसले. त्यानं एकाला हात लावला, वळताना दुसऱ्याला लावला. तेवढ्यात तिघांनी त्याला खाली घेतलं आणि एक जण नेमका त्या पायावर आडवा पडला. कडेला बसलेल्यांना आवाज ऐकू आला. तरी बलभीमचा दम सुटला नाही. "कबड्डी, कबड्डी" म्हणत, रांगत त्यानं हात लांबवला आणि बोटं मधल्या रेघेच्या अलीकडं टेकवली. पंचानं शिट्टी मारली.

त्यानंतर मैदानात गुलालाशिवाय काही दिसेना. पिराजीला कुणीतरी खांद्यावर घेतलं. ढाल त्याच्या हातात आली, ती त्यानं उन्हात वर धरली. तो रडत होता, हसत होता. बऱ्याच वेळानं त्याची नजर खाली गेली. मैदानाच्या मधोमध चांगुणा बसली होती आणि नवऱ्याच्या पायाचा पटका सोडवत होती. गाठ काही केल्या सुटत नव्हती.

सोलापूरच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. हाड जुळलं, पण गुडघा वाकायचा बंद झाला. कारखान्यानं दुसरा गडी घेतला. रांजणवाडीच्या विहीणबाईनं एकच वाक्य धरलं, "आमचा धडधाकट लेक नेला आन् असा आणून घातला." त्या वर्षी पंचमीला त्यांनी चांगुणाला माहेरी पाठवलं नाही. दिवाळीलाही नाही. जाईबाईनं दोन्ही सणांना पोळ्या केल्या आणि त्या कुणी खाल्ल्या नाहीत.

पुढच्या चैत्रात ढाल परत पिंपरखेडला गेली. त्या साली पाऊसही दडी मारून बसला. एक दिवस दुपारी जाईबाई अंगणात तुरी निवडत होती. पिराजी खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "पोरीचं नशीबच तसलं, दुसरं काय."

जाईबाईचे हात थांबले. "नशिबावर घालू नगासा. तिनं सांगितलं व्हतं तुमाला."

"काय सांगितलं व्हतं?"

"सोपान बरा वाटतो म्हणून. तुमी जेवत व्हताव."

"ते तर खेळाचं..." पिराजी म्हणाला आणि थांबला.

"खेळाचं?" जाईबाई त्याच्याकडं बघत राहिली. "लग्नाची पोर बापाला सांगती, मला ह्यो बरा वाटतो, आन् तुमी म्हणताव खेळाचं?"

"मग तवा तू का बोलली न्हाईस?"

"तुमी चटणीत रेघा ओढाय लागलाव. मला वाटलं, तुमाला कळलंय, आन् तिला न्हाय म्हणायची ही तुमची तऱ्हा हाय. तिला बी तसंच वाटलं. म्हणून तर परत बोलली न्हाय."

"मला कळलंच न्हवतं गं."

"आता मला सांगून काय उपेग? तिला सांगा."

दोन दिवसांनी पिराजी कळंबच्या एसटीत बसला. तिथून रांजणवाडीपर्यंत चालत गेला. वाटेनं त्यानं शब्द जुळवले होते. पोरी, म्या तुला न्हाय म्हटलं न्हवतं. तू काय म्हणतीस ते मला कळलंच न्हवतं. एवढं सांगितलं की तिच्या मनावरचा बापाबद्दलचा सल तरी निघेल, असं त्याला वाटत होतं. मग तिच्या पायावर डोकं ठेवायची वेळ आली तरी ठेवायचं.

चांगुणा घरी नव्हती. रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी टाकायला गेली होती. विहीणबाईनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि न बोलता आत गेली. बलभीम ओसरीवर बसला होता, पाय समोर काठीसारखा सरळ. दाढी वाढलेली. त्यानं रामराम केला. पिराजीनं तांब्या तोंडाला लावला.

मग बलभीम म्हणाला, "मामा, यंदा तुमच्यात चढाईला कोण हाय?"

"हाय असंच कुणीतरी," पिराजी म्हणाला. त्याला तो विषय नको होता.

"कोंडिबाचा थोरला न्हाय व्हायचा. त्याचा दम कमी पडतोय. अर्ध्यातच माघारी बगतोय."

"त्येच म्या म्हणतो," पिराजीच्या तोंडून गेलं.

"मुरुमच्या कॉलेजात एक पोरगा हाय म्हणं. डावखुरा. आमच्या हितलं एक जण सांगत व्हता, पायानं गडी मारतोय."

"म्या बगितलाय त्याला," पिराजी सावरून बसला. "उमरग्याच्या सामन्यात. लाथ लांब जाती त्याची, पर अंगात वजन न्हाय. आन् दुसरा एक हाय परंड्याचा."

"परंड्याचा नगं. त्यो रेघंपाशीच घुटमळतोय. डावखुराच पायजे. पिंपरखेडचा उजवा कोपरा उघडा पडतोय आता, त्यांचा थोरला जावई थकला." बलभीमनं काठी घेतली आणि ओसरीखालच्या धुळीत मैदान आखलं. त्याच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं होतं. "हे बगा. हितनं आत शिरला की..."

"न्हाय, न्हाय. हितनं." पिराजीनं त्याच्या हातातली काठी घेतली. दोघंही वाकले. दोघंही हसले. बलभीम म्हणाला, "पर त्यो बोरखेड्याकडनं खेळायचा कसा?" आणि पिराजी लगेच म्हणाला, "त्यात काय, कोंडिबाची धाकटी हाय की! यंदा लग्नाला आलीय. येका बैठकीत जमवून टाकू."

बोलून त्यानं मान वर केली. दारात चांगुणा उभी होती. डोक्यावर पाटी, अंगभर खडीची भुकटी, तळहातांना चिंध्या बांधलेल्या. ती कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक.

"कवा आलाव दादा?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता धुळीतल्या रेघांवरून पाय टाकत आत गेली.

तिनं चहा केला. बापापुढं कप ठेवला, नवऱ्यापुढं ठेवला. आईची, म्हशींची विचारपूस केली. माहेरी येते असं ती म्हणाली नाही आणि पिराजीला ये म्हणायचं धाडस झालं नाही. मग ती घागर घेऊन निघाली. वस्तीवर पाण्याचा टँकर यायची वेळ झाली होती. पिराजीही उठला. गल्लीच्या तोंडापर्यंत बापलेकीची वाट एकच होती.

"चांगे," तो म्हणाला, "म्या येक सांगाय आलो व्हतो."

ती थांबली. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट इतक्या निवांतपणे ती बघत होती की पिराजीनं वाटेत जुळवलेले शब्द तसेच ठेवले. ही पोर समजून होती की बापानं आपलं ऐकलं, तोललं आणि नाही म्हटलं. ऐकलंच नव्हतं, हे आता तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? सांगून तिचं काय हलकं होणार होतं? बापानं ऐकल्याचं जे समाधान होतं, तेवढंही जाणार होतं.

"काय?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. तुझ्या आईनं सांगितलंय, जपून ऱ्हा."

"बरं." तिनं घागर दुसऱ्या कडेवर घेतली. दूर टँकरचा आवाज येऊ लागला होता आणि बायका धावू लागल्या होत्या. तीही दोन पावलं गेली, मग वळली. "दादा, कोंडिबाकाकांच्या धाकटीला आधी इचारा. आन् ती काय म्हणती ते जेवताना ऐकू नगा. नीट समोर बसून ऐका."

पिराजीनं मान हलवली. ती धावत गर्दीत शिरली. टँकरभोवती घागरींची आणि बायकांची एकच झुंबड उडाली होती, तिच्यातली आपली कोणती ते त्याला ओळखू येईना. तो तिथंच उभा राहिला. पाणी संपलं, टँकर गेला, बायका पांगल्या, तरी तो उभाच होता. कळंबची एसटी चुकली.